धागा: दोन भिंतींच्या मधलं परडं, दुपारचं दोन-तीन तास ऊन. काय लावावं? (बेळगाव)

शहापूरचं_परडं, १७ जून

गेल्या वर्षी शेजारच्या घरावर मजला चढला आणि आमच्या परड्यातलं ऊन गेलं. त्यांचा दोष नाही, त्यांनी त्यांच्या हद्दीत बांधलं. पण आईनं चाळीस वर्षं जिथं मिरची, वांगी आणि दारची कोथिंबीर काढली, तिथं आता फरशीला शेवाळ धरलंय. ती सकाळी चहाचा कप घेऊन तिथंच बसते, रिकाम्या वाफ्याकडं बघत. म्हणून हा धागा.

परडं पूर्व-पश्चिम १६ फूट, उत्तर-दक्षिण ९ फूट. उत्तरेला आमचं घर, दक्षिणेला शेजाऱ्यांची नवी भिंत, उंची २४ फूट. पूर्वेला न्हाणी, पश्चिमेला गल्लीतल्या घरांची रांग. म्हणजे ऊन येणार ते वरूनच.

गेल्या नोव्हेंबरात टोमॅटोची १२ रोपं आणली. "कुठंही येतात, काळजी करू नका," असं रोपं देणाऱ्यानं सांगितलं. कंबरेएवढी झाली, पण दोऱ्यासारखी बारीक. फुलं यायची आणि गळायची. जानेवारीपर्यंत सगळ्या रोपांचे मिळून ३ टोमॅटो मिळाले. तेव्हापासून दर महिन्याच्या १५ तारखेला सकाळी ८ ते संध्याकाळी ५, दर तासाला फरशीवर खडूनं सावलीची रेघ मारतोय आणि वहीत उतरवतोय. मेमध्ये मधल्या पट्ट्यात साडेतीन तास ऊन मिळालं. मार्चमध्ये फक्त घराच्या भिंतीलगत, तेही तासभर. जानेवारी-फेब्रुवारीत जमिनीवर एक कवडसाही नाही.

परवाची, १५ जूनची गंमत नव्हे, नवलच म्हणा. दुपारी ढग फाटले तेव्हा सावली शेजाऱ्यांच्या भिंतीची नव्हती, आमच्याच घराची होती, जवळजवळ ३ फूट. हे कसं काय? आणि अशा जागेत आईला हिरवं काय दाखवता येईल?


टिळकवाडीची_गॅलरी, १७ जून

माझीही तीच गत. गॅलरी उत्तरेकडं, तिसऱ्या मजल्यावर. पुदिना सोडला तर काही टिकलं नाही. धागा वाचत राहीन.


सांबऱ्याचा_मास्तर, १८ जून

दादा, तुमची वही बघून आनंद झाला. सावलीचं उत्तर सोपं आहे. बेळगाव साधारण १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर. सूर्य जूनमध्ये २३.४ अंशांपर्यंत उत्तरेला जातो, म्हणजे आपल्या डोक्यावरून पुढं सरकून तो उत्तरेला झुकलेला असतो. म्हणून जूनमध्ये दुपारची सावली दक्षिणेकडं पडते. मेच्या ४ तारखेच्या आसपास आणि ऑगस्टच्या ८-९ तारखेला तो बरोबर माथ्यावर येतो. त्या दिवशी उभी काठी रोवा, भर दुपारी तिला सावलीच नसते. आणखी एक: आपल्याकडं खरी मध्यान्ह घड्याळातल्या १२ ला होत नाही, साडेबाराच्या आगेमागे होते. मोजताना ते धरा.

आता डिसेंबर. २२ तारखेला मध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून साधारण ५०.७ अंशांवर असतो. त्याचा टॅन, म्हणजे भिंतीची उंची भागिले सावलीची लांबी, १.२२. चोवीस फुटांच्या भिंतीला १.२२ नं भागा, सावली आली १९ फूट ८ इंच. परडं आहे ९ फुटांचं. म्हणजे सावली परडं ओलांडून तुमच्या घराच्या भिंतीवर चढते. किती चढते? ९ गुणिले १.२२ म्हणजे ११. चोवीसमधून ११ गेले, उरले १३. जमिनीपासून १३ फुटांच्या वर, तुमच्या स्वतःच्या भिंतीवर, भर थंडीतसुद्धा दुपारचं ऊन असणारच. एकदा शिडी लावून बघा.

याच हिशेबानं जमिनीवरचं मध्यान्हीचं ऊन ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जाईल आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात परत येईल. थंडीतलं ऊन जमिनीवर शोधू नका, वेल वर चढवा.


खानापूरची_सून, १८ जून

दादा, आमच्याकडं यून बघा एकदा. मागं जंगल, पुढं नारळ-पोफळी, त्यात जून ते सप्टेंबर पाऊस. ऊन आमच्याही वाट्याला कमीच. तरी परड्यात जागा उरत नाही. सासूबाई म्हणतात, सावलीला सावलीची झाडं द्यावी.

अळू लावा, न्हाणीचं पाणी जातं तिथं. हळद आणि आलं आत्ताच लावा, उशीर करू नका. हळदीला अर्धी सावली चालते. कंद थोडे बारीक निघतील, पण पानं अशी रुंद येतात की नागपंचमीला पातोळ्यांसाठी गल्लीला पुरतील. नागवेल म्हणजे विड्याचं पान, त्याला तर कडक ऊन सोसतच नाही. भिंतीला जुनं लाकूड उभं करून द्या, मुळं धरत वर जाते. काळी मिरीही तशीच, आम्ही पोफळीवर चढवलीय. पानओवा एका कुंडीत खुपसून द्या, विसरलात तरी वाढतो. मुलांना खोकला झाला की भजी नाहीतर काढा.

पाणी मात्र जपून. उन्हातल्या झाडासारखं रोज घालाल तर मुळं कुजतील.


शहापूरचं_परडं, १९ जून

मास्तर, शिडी लावली. वरच्या खोलीच्या खिडकीचा सज्जा बरोबर साडेतेरा फुटांवर आहे! आईला दाखवलं, तिचा विश्वासच बसेना.

खानापूरच्या ताई, अळू खाजरा निघाला तर? मागं एकदा घसा धरला होता.


खानापूरची_सून, १९ जून

वडीचा अळू मागून घ्या, देठ काळपट असतो. चिंच किंवा आमसूल पुरेसं घाला आणि नीट शिजवा. कोवळी पानं घ्या. रस्त्याकडंचा रानअळू उपटून आणू नका.


माळी_अण्णा, २१ जून

तीस वर्षं रोपवाटिकेत काम केलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

झाड फळ धरतं ते पानांनी साठवलेल्या अन्नावर. टोमॅटो, वांगी, मिरची यांना रोज निदान सहा तास थेट ऊन हवं. त्यापेक्षा कमी मिळालं की झाड उजेडाच्या शोधात उंच होतं, दोन पेरांमधलं अंतर वाढतं, खोड बारीक राहतं, आणि फुलं टिकवायला जोर उरत नाही. तुमच्या टोमॅटोचं तेच झालं. रोप वाईट नव्हतं. पालेभाजीत आपण पानच खातो, म्हणून तीन-चार तासांतही ती निभावते. पालक, मायाळू, पुदिना, शेपू, मेथी चालतील. कोथिंबिरीला तर एप्रिल-मेमध्ये तुमच्यासारखी अर्धी सावली मिळाली तर ती लवकर तुऱ्याला येत नाही.

बाजारात मराठी-कानडी नावांचा घोटाळा होतो, लक्षात ठेवा. मायाळूला विकणाऱ्या बायका बसळे म्हणतात, शेपूला सब्बसिगे, पानओव्याला दोड्डपत्रे, ब्राह्मीच्या गोल पानाच्या वेलीला ओंदेलग. मराठी नावानं विचारलं की कधीकधी "नाही" म्हणतात आणि तीच जुडी समोर पडलेली असते. ब्राह्मी लावाच. ओलसर, सावलीची जागा तिला आवडते.

मातीचं सांगतो. आपल्या पश्चिम भागातली तांबडी जांभ्याची माती पावसात चिकट होते आणि वाळली की विटेसारखी घट्ट. नुसती भरू नका. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा साखर कारखान्यातल्या मळीचं खत, एक भाग भाताचा तूस. मळी ताजी असेल तर गरम पडते, पूर्ण कुजलेलीच घ्या. तूस कुठल्याही भाताच्या गिरणीत मिळतो. डब्याला खाली पाच-सहा भोकं, आणि डबा दोन विटांवर. थेट फरशीवर ठेवलात तर भोकं बुजतात.

सावलीत युरिया घालू नका. पानं हिरवीगार, लुसलुशीत होतात आणि लगेच मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, येतो. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत घाला. गार लागलं तर त्या दिवशी पाणी नको.

आणि शेजाऱ्यांच्या भिंतीला चुना लावता आला तर बघा. पांढरी भिंत उजेड परत फेकते. थेट उन्हाची बरोबरी होत नाही, पण पालेभाजीला फरक पडतो.


वडगावचा_माग, २२ जून

चुन्यासाठी आधी शेजाऱ्यांना विचारा, भिंत त्यांची आहे. आमच्याकडं असाच विषय होता. मी चुना आणि मजुरी माझी म्हटलं, ते लगेच हो म्हणाले. वेलीसाठी लोखंडी जाळी नको, दुपारी तापते. आम्ही सुतळी वापरतो, वरून सोडलेली, खाली खुंटीला बांधलेली. मायाळू आपोआप वेढे घेते. वर्षानं सुतळी वेलीसकट खतात टाकता येते.


निपाणीकर, २४ जून

माव्यावर तंबाखूचं पाणी मारायचा सल्ला कुणी देईल, म्हणून आधीच लिहितो. आमचा भाग तंबाखूचाच. ते पाणी विषारी असतं, खायच्या पाल्यावर मारू नका. आणि मिरची-टोमॅटोला तर तंबाखूच्या हातानं शिवूही नका. तंबाखूचा मोझॅक विषाणू वाळलेल्या पानातही टिकतो, जर्दा मळलेल्या बोटांवरून तो रोपात जातो आणि पानं चट्टेरी, आकसलेली होतात. आमच्या घरी वडिलांना रोपांजवळ जाण्याआधी साबणानं हात धुवायला लावतो. माव्यावर साधा उपाय: एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल, थोडा साबण, संध्याकाळी पानांच्या मागच्या बाजूनं.


हिंडलग्याचा_नवखा, २ जुलै

एक विचारू का, रागावू नका. मी बंगळुरात शिकतो, सुट्टीला घरी आलोय. परदेशातले व्हिडिओ बघतो, त्यात लोक लहान गॅलरीत, कमी उन्हात गांजाची रोपं वाढवतात. आमच्या मागच्या बोळातही असंच तुकड्या-तुकड्यानं ऊन येतं. एखादी कुंडी, फक्त बघायला, चालते का?


माळी_अण्णा, २ जुलै

बाळा, विचारलंस ते बरं केलंस. चालत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याच्या कलम ८ नं गांजाचं झाड लावायलाच बंदी आहे. कलम २० खाली १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. एक कुंडी की एक एकर, विकायला की बघायला, लागवड ती लागवडच. सरकारी परवान्याशिवाय कुणालाही ती करता येत नाही. व्हिडिओतल्या माणसाच्या देशाचा कायदा वेगळा, तू राहतोस इथं. गुन्हा नोंद झाला तर तुझं शिक्षण, पासपोर्ट, नोकरी सगळंच अडकेल.

तुला झाड वाढताना बघायची हौस असेल तर अंबाडी लाव. पान जवळपास तसंच दिसतं आणि घरात भाजी होते. तिचं शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस आहे, पानाच्या साम्यावरून पडलेलं. पण तिला ऊन हवं, गच्चीवर लाव.


हिंडलग्याचा_नवखा, ३ जुलै

अण्णा, समजलं. एवढी शिक्षा असेल असं वाटलं नव्हतं. अंबाडीचं बी आणतो, अजून पेरता येईल ना?


माळी_अण्णा, ३ जुलै

येईल. आठ दिवसांत पेर.


शहापूरचं_परडं, ९ जुलै

अण्णांची अंबाडी वाचून मीही गच्चीच्या कठड्याला तीन डब्यांत पेरली. खाली परड्यात आता हळदीचे १४ कोंब आहेत, अळूची पाच पानं, पुदिना, ब्राह्मी, आणि सज्जावरून सोडलेल्या चार सुतळ्यांवर मायाळू. शेजाऱ्यांनी चुन्याला परवानगी दिली, वर त्यांचा मुलगा स्वतः हात मारायला आला. पाऊस सरला की लावू.

गोगलगायी फार झाल्यात. रात्री बॅटरी घेऊन उचलतो, पण सकाळी परत.


खानापूरची_सून, ९ जुलै

भिजवलेलं गोणपाट अंथरून ठेवा रात्री. सकाळी सगळ्या त्याच्याखाली सापडतात, तसंच उचलून न्या. मीठ मातीत टाकू नका, झाडं मरतील.


शहापूरचं_परडं, १४ सप्टेंबर

मनावर दगड ठेवून लिहितोय. गच्चीवरची अंबाडी छातीएवढी झाली होती, वरची पानं पाच-पाच बोटांची. समोरच्या घरात आलेल्या कुणीतरी फोटो काढून गल्लीच्या व्हॉट्सॲप गटात टाकला. खाली लिहिलं, "हे काय चाललंय आपल्या गल्लीत?" तासाभरात तिघांचे फोन आले. आई दिवसभर जेवली नाही. गेली चाळीस वर्षं ज्या घरांत तिच्या परड्यातली कोथिंबीर गेली, त्यांच्याकडूनच हे ऐकायचं म्हणजे तिला लागलंच.

संध्याकाळी मी तिन्ही डब्यांतली एकेक फांदी तोडली आणि घरोघरी गेलो. पान चावायला दिलं. आंबट लागलं की पहिली शंका तिथंच संपली. मग दाखवलं की अंबाडीचं पान एकच असतं, फक्त खोल कापलेलं. गांजाच्या पानात पात्या देठापर्यंत सुट्या असतात. अंबाडीच्या खोडाला बारीक काटे, आणि फूल येईल ते जास्वंदीच्या जातीचं, फिकट पिवळं, मधोमध गडद मरून. एका काकूंनी पान हातात घेतलं आणि म्हणाल्या, "अय्यो, ही तर पुंडी! आमच्या माहेरी बैलहोंगलला रोज पुंडी पल्ले असायचं." पुंडी म्हणजे कानडीत अंबाडी, आणि पुंडी पल्ले म्हणजे तिची भाजी. ज्यांनी फोटो टाकला त्यांनी गटात माफी मागितली. आईनं दुसऱ्या दिवशी सगळ्यांकडं वाटीवाटी भाजी पाठवली.


निपाणीकर, १४ सप्टेंबर

काकूंना नमस्कार सांगा. भाजी कशी करता?


शहापूरचं_परडं, १५ सप्टेंबर

आईच्या शब्दात: पाला चिरून वाफवायचा, जास्त आंबट असेल तर पहिलं पाणी काढायचं. तूरडाळ आणि ज्वारीच्या किंवा तांदळाच्या कण्या वेगळ्या शिजवून त्यात घोटायच्या. हिरवी मिरची, मीठ, थोडा गूळ. वरून शेंगतेलात भरपूर लसूण लाल करून ओतायचा. भाकरीबरोबर. तेलात हात आखडू नये.


कंग्राळीची_फुलं, ११ ऑक्टोबर

पालेभाज्यांच्या धाग्यात फुलांचं विचारतेय. अंगणातली शेवंती दरवर्षी दसरा-दिवाळीला फुलते. यंदा नुसती पानंच. ऊन तेवढंच आहे, खतही तेच. फरक एवढाच की दारासमोर नवा दिवा लागलाय, रात्रभर लख्ख.


माळी_अण्णा, ११ ऑक्टोबर

अक्का, उत्तर तुम्हीच दिलंत. शेवंती रात्र मोजते. रात्र लांबली की तिला फुलायची वेळ कळते. आपल्याकडं जूनमध्ये दिवस १३ तासांचा असतो, डिसेंबरात ११ तास आणि थोडी मिनिटं. एवढ्या फरकावर तिचं गणित चालतं. दिव्यानं तिची रात्रच सुरू होत नाही. शेवंतीचे शेतकरी फुलणं लांबवायला मुद्दाम रात्री दिवे लावतात. संध्याकाळी ६ ते सकाळी ७ काळ्या कापडानं झाका, न चुकता, महिनाभर. कळी दिसेपर्यंत एक रात्रही सोडू नका.

अंबाडीही तशीच रात्र मोजणारी. दिवस लहान होऊ लागले की ती फुलायला लागते आणि पाला राठ होतो. म्हणून जूनमध्ये पेरायची आणि फुलं येण्याआधी पाला खायचा.


शहापूरचं_परडं, २३ डिसेंबर

काल मास्तरांचा दिवस होता, २२ डिसेंबर. साडेबाराला आईला सज्जाखाली उभं केलं आणि वर बघ म्हटलं. भिंतीवर सावलीची कडा जवळजवळ सज्जाला टेकलेली, आणि तिच्या वरची मायाळूची सगळी पानं उन्हात. खाली जमिनीवर एक किरण नाही. वेलीचं मूळ अंधारात आणि शेंडा उन्हात. खिडकीतून हात घालून आईनं जुडी तोडली, काल त्याचीच आमटी झाली.

हिशेब लिहितो, कुणाला उपयोग होईल. मायाळू जुलैपासून आठवड्याला एक-दोन जुड्या. अळू पाऊसभर, आता थंडावलाय. पुदिना ठीक. ब्राह्मी अख्ख्या वाफ्यावर पसरली. पालक ऑक्टोबरात पेरला तो फसला, खाली उजेडच नव्हता, चुना लावूनही नाही. तो ऑगस्टमध्ये पेरायला हवा होता. मेथीचंही तसंच. नागवेल अजून हातभरच आहे, पण जिवंत आहे. हळदीची पानं पिवळी पडू लागलीत, फेब्रुवारीत काढेन.

अंबाडीची बोंडं गच्चीवर वाळलीत. बी भरपूर आहे. शहापूर, वडगाव, टिळकवाडीतल्या कुणाला हवं असेल तर निरोप टाका, कागदाच्या पुड्या करून ठेवल्यात. हिंडलग्याच्या दादा, तुझी अंबाडी कशी आली ते तू सांगितलंच नाहीस.


हिंडलग्याचा_नवखा, २४ डिसेंबर

आली काका, पाच फूट झाली. आजीनं तीन वेळा भाजी केली. तिनंच शेजाऱ्यांना आधी पान चाखायला दिलं, म्हणून कुणी काही बोललं नाही. बी मलाही थोडं ठेवा, माझी बोंडं चिमण्यांनी फोडली.